विधिमंडळातील बाबासाहेब

राजपुरीची खाडी जेथे समुद्रास मिळते, तेथे तिच्या दक्षिण तीरावर दिघी हे गाव आहे. समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. मागे डोंगर आहेत. त्यांच्या उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि सखल भागात भाताची खाचरे, असा हा कोकणचा नेहमीचा देखावा. शंभर वर्षांपूर्वी हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाच्या संस्थानात मोडत असे. उत्तरेस कुंडलिकेची खाडी आणि दक्षिणेस बाणकोटची खाडी, एवढ्या पट्ट्यात नबाबाचा अंमल चाले. पूर्वेच्या डोंगरांपलीकडे आणि कुंडलिकेच्या उत्तरेस इंग्रज सरकारचा कुलाबा जिल्हा होता. आज त्यालाच आपण रायगड जिल्हा म्हणतो.

त्या काळी मुंबईहून दक्षिण कोकणात जाणारे लोक बहुधा आगबोटीनेच जात. १९२७ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २४ तारखेस ‘पद्मावती’ नावाच्या आगबोटीतून दोनशेहून अधिक माणसे मुंबईहून निघाली. जंजिरा, दिघी, श्रीवर्धन हा सारा किनारा डाव्या हातास ठेवून त्यांना बाणकोटच्या खाडीत शिरावयाचे होते आणि तेथून सावित्री नदीच्या पात्राने वर दासगावास जाऊन महाड गाठावयाचे होते. हे सारे महाडच्या परिषदेचे प्रतिनिधी होते. बहुतेक जण गरीब, कष्टकरी आणि त्या काळच्या दुष्ट रूढीने अस्पृश्य ठरविलेले. त्यांचे पुढारी होते छत्तीस वर्षांचे बॅरिस्टर डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर. या बॅरिस्टरांची आणखी एक ओळख होती, आणि या पाठात आपल्याला तिचाच विचार करावयाचा आहे. ते मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाचे सभासद होते.

कायदे करणाऱ्या सभेचा सभासद तळ्यावरच्या पाण्यासाठी गावोगावच्या माणसांना घेऊन समुद्रमार्गाने का निघाला होता? हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस हा तालुका आहे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. त्यांची नेमणूक मध्य भारतातील महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढे कुटुंब काही वर्षे दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. शाळेत वेगळे बसणे, पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची बंदी, हे अपमान त्या बुद्धिमान मुलाने लहानपणीच सोसले. १९०७ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनासाठी एक सभा भरली. त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत पदवी घेतली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला, तेथेच बॅरिस्टरीही पुरी केली, आणि १९२३ साली ते मायदेशी परतले.

त्याच वर्षी, ऑगस्टच्या ४ तारखेस, मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव संमत झाला. तो मांडला होता त्याच बोले यांनी. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. सरकारने तो आपल्या खात्यांकडे पाठविला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव दप्तरात राहिला. तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी घेण्याची कोणाची छाती होत नव्हती. गुरे त्या तळ्याचे पाणी पीत. माणसे मात्र दुरून पाहत.

आता कौन्सिल म्हणजे काय, तेही पाहू. १९१९ च्या कायद्याने इंग्रज सरकारने प्रत्येक प्रांतात अशी सभा ठेवली होती. तिचे पुष्कळसे सभासद निवडणुकीने येत. परंतु मताचा अधिकार मोजक्या लोकांनाच होता. ज्याच्या नावावर ठरावीक जमीन-महसूल लागत असेल, जो ठरावीक घरभाडे किंवा कर भरीत असेल, त्यालाच मत. खोताच्या शेतात राबणाऱ्या कुळाला किंवा गावकामगाराला मत कोठून असणार? म्हणून अशा वर्गांच्या वतीने काही सभासद खुद्द गव्हर्नर नेमीत असे. डॉ. पुरुषोत्तम सोळंकी आणि डॉ. आंबेडकर यांची नेमणूक अशा रीतीने झाली, आणि १८ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी सभासदत्वाची शपथ घेतली. जंजिरा संस्थानातील रयतेला तर एवढेही नव्हते. दिघीच्या कोळ्याचा किंवा कुणब्याचा मुंबईच्या सभागृहात निवडलेला किंवा नेमलेला कोणीही प्रतिनिधी नव्हता.

सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या मनासारखे बोलतो, असा तेव्हा सर्वसाधारण अनुभव होता. बाबासाहेबांनी पहिल्या आठवड्यातच तो खोटा ठरविला. २४ फेब्रुवारीस अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारची करपद्धती तपासली. श्रीमंताच्या उत्पन्नावरील कर उत्पन्नाच्या मानाने ठरतो आणि अगदी थोडे उत्पन्न असेल तर माफही होतो, पण शेतकऱ्याचा शेतसारा मात्र पीक आले काय नि बुडाले काय, सारखाच वसूल केला जातो, ही विषमता त्यांनी उघड केली. मार्चमध्ये शिक्षणावरील खर्चाचा प्रश्न आला. तेव्हा दारूवरील कराच्या रूपाने सरकार लोकांकडून जितके पैसे घेते, निदान तितके तरी त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशी मागणी त्यांनी केली. बोलताना ते आकडे देत आणि आकड्यांमागचा अर्थ सांगत. सभागृहात तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात. अंदाजपत्रकाचे कागद रात्री जागून वाचणारे थोडे असतात. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहणारा हा सभासद त्या थोड्यांपैकी होता.

ते अधिवेशन आटोपते न आटोपते तोच ते महाडला गेले. कुलाबा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तेथे १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरविली होती. अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांतील प्रमुख होते. दोघेही अस्पृश्य मानलेल्या जातींतील नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारो माणसे शिस्तीने रांग करून तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी स्वतः खाली उतरून ओंजळीने पाणी घेतले. चार वर्षे सरकारी दप्तरात पडून राहिलेल्या ठरावाची अंमलबजावणी अखेर कौन्सिलाच्या सभासदाने आपल्या हातांनी केली.

त्याचे मोल तत्काळ द्यावे लागले. हे लोक आता मंदिरात शिरणार, अशी आवई गावात उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. अनेकजण जखमी झाले. सूड घेण्याइतके बळ त्या समुदायात होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे काही लोकांनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले, आणि नगरपालिकेने आपला जुना ठराव त्याच वर्षी मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. आरंभी सांगितलेली आगबोट निघाली ती यासाठी. परंतु तोपर्यंत विरोधकांनी दिवाणी न्यायालयात जाऊन तळे खाजगी असल्याचा दावा लावला होता आणि तात्पुरता मनाई-हुकूम मिळविला होता. महाडास जमलेले लोक पाणी घेण्यास उत्सुक होते. कायदा करणाऱ्या सभेच्या सभासदाने न्यायालयाचा हुकूम मोडावा काय? बाबासाहेबांनी रात्रभर विचारविनिमय केला आणि सत्याग्रह पुढे ढकलला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. दावा मात्र त्यांनी नेटाने लढविला. तो दहा वर्षे चालला!

या दहा वर्षांत कौन्सिलातील काम थांबले नव्हते. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या काळात पगारी रजा मिळावी, असे विधेयक १९२८ साली आले, तेव्हा त्यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. जो मालक त्या स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवितो त्याने या खर्चाचा वाटा उचललाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तसा कायदा झाला. १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक आले. गावाचा कारभार गावाकडे द्यावा, ही कल्पना अनेकांना गोड वाटली. बाबासाहेबांनी मात्र विचारले, की ज्या गावात काही माणसांना विहिरीवर येऊ देत नाहीत, तेथे पंचायतीत त्यांचे कोण ऐकणार? प्रत्येक प्रौढ माणसाला मत असावे आणि दुर्बल वर्गांना पंचायतीत राखीव जागा असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ही मागणी पुष्कळांना अतिरेकी वाटली.

१९२८ साली त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. वतन म्हटले, की मोठा मान वाटतो. हे वतन तसे नव्हते. थोडीशी इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते यांच्या बदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्री-अपरात्री सरकारी कामाला हजर राहावयाचे. निरोप पोहोचवावयाचा, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्याला जावयाचे, साहेबांच्या मुक्कामी राबावयाचे. बाप आजारी असेल तर मुलाने जावयाचे. या बंधनातून सुटका व्हावी आणि कामाचा रास्त मोबदला मिळावा, असा विधेयकाचा हेतू होता. परंतु ते निवड-समितीकडे गेले आणि तेथे त्यात इतके फेरबदल झाले, की मूळ हेतूच उरला नाही. तेव्हा बाबासाहेबांनी ते परत घेतले.

१९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य मानलेल्या वर्गांसाठी प्रांतिक विधिमंडळांत राखीव जागा ठरल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला १५ जागा आल्या. १९३५ च्या कायद्याने कौन्सिलाच्या जागी १७५ सभासदांची विधानसभा आली. मतदारांची संख्या वाढली, तरी सर्वांना मत अजूनही नव्हते. आता नेमणुकीचा प्रश्न उरला नाही. लोकांसमोर जाऊन मते मागावयाची होती. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ स्थापन केला. पक्षाच्या नावात कोणत्याही जातीचा उल्लेख नव्हता. शेतावरचा आणि कारखान्यातील कष्टकरी, मग तो कोणत्याही जातीचा असो, आपला मानावयाचा, हे त्या नावातूनच सुचविले होते.

फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणूक झाली. बाबासाहेब मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले. हाच गिरण्यांचा आणि चाळींचा भाग. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केले पाळवणकर बाळू यांना. बाळू हे क्रिकेटचे विख्यात गोलंदाज होते. १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडात जाऊन त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. तेही अस्पृश्य मानलेल्या समाजातच जन्मले होते. मैदानावर सारे त्यांचा चेंडू झेलीत, पण चहाचा पेला त्यांना वेगळा मिळे. तरुणपणी बाबासाहेबांना या खेळाडूचा मोठा अभिमान वाटे. आता तेच दोघे समोरासमोर आले. निवडणुकीत असे प्रसंग येतात. प्रतिस्पर्धी मोठा असला म्हणजे विजयाची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. त्या मतदारसंघातून एकाहून अधिक सभासद निवडावयाचे होते. मतदाराला जितक्या जागा तितकी मते होती, आणि ती सारी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. कामगारांनी तिचा उपयोग केला. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले होते. त्यांतील बहुतेक निवडून आले. चित्रे आणि टिपणीस हे महाडचे जुने सहकारीही त्यांत होते.

या विजयाला एक महिना होतो न होतो तोच, मार्च १९३७ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल दिला. तळे सार्वजनिक आहे आणि अस्पृश्य मानलेल्यांना तेथे जाण्यापासून रोखण्याचा कोणालाही अधिकार नाही, असे त्या निकालाने ठरले. एकच महिना, आणि त्यात दोन जय!

आता कोकणातील शेतकऱ्यांच्या सर्वांत जुन्या दुखण्याकडे बाबासाहेब वळले. हे दुखणे म्हणजे खोती.

खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्यामधला माणूस. गावाचा ठरावीक सारा त्याने सरकारात भरावयाचा आणि कुळांकडून आपण वसूल करावयाचे, अशी ही वंशपरंपरेची पद्धत. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेकडो गावे अशी खोतांकडे होती. सरकारला भरावयाची रक्कम ठरलेली होती; कुळाकडून किती घ्यावयाचे याला मात्र व्यवहारात धरबंद नव्हता. भाताच्या जमिनीचे निम्मे पीक खोताकडे जाई, त्याला अर्धेल म्हणत. वरकस जमिनीचा तिसरा हिस्सा जाई, ती तिर्धेल. याखेरीज खोताच्या शेतावर फुकट नांगर धरावा लागे, त्याच्या घरचे लाकूडफाटे वाहावे लागे. जमीन कसणाऱ्याला उद्याची शाश्वती नसे. खोताची मर्जी फिरली, की बापजाद्यांनी बांधबंदिस्ती करून तयार केलेले खाचर दुसऱ्याच्या हाती जाई. सगळेच खोत निर्दय होते असे नव्हे. पण कुळाचे सुख मालकाच्या स्वभावावर सोडणारी पद्धतच मुळात वाईट.

या पद्धतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली शेतकऱ्यांनी संप केला. गिरणीतला कामगार यंत्र बंद ठेवतो, तसे त्यांनी नांगर बंद ठेवले. स्वतःचे शेत पडीत ठेवून संप करणे म्हणजे स्वतःच्या पोटावर संप करणे होय. लाकडे तोडून, मासे धरून, मिळेल ती मजुरी करून त्या लोकांनी दिवस काढले, आणि हा संप १९३९ पर्यंत टिकला. बाबासाहेब १९३४ साली चरीला जाऊन त्यांना भेटले होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी विधानसभेच्या पुणे येथील अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचे कलम अन् कलम विचारपूर्वक रचलेले होते. खोत हा मधला माणूस काढून टाकावयाचा. शेतकऱ्याने सारा थेट सरकारात भरावयाचा आणि जमिनीवरील कायम हक्क त्याला मिळावयाचा. ज्याचा हक्क जाईल त्या खोतालाही योग्य भरपाई द्यावयाची. त्यांनी भरपाईचे कलम घातले, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. दुसऱ्याचे हिरावून घेणे हा त्यांचा हेतू नव्हता. अन्यायाची चौकट कायद्याने मोडावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि या विधेयकाचा लाभ होणार कोणाला? कोकणातील कुळांत महार होते, कुणबी होते, आगरी होते, मुसलमान होते. चवदार तळ्यावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांचा पुढारी आता सर्व जातींच्या शेतकऱ्यांसाठी उभा राहिला.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत विधानसभेचे अधिवेशन चालू असता कोकणातील आणि घाटावरील हजारो शेतकरी राजधानीत आले. कोणी आगबोटीने बंदरावर उतरले, कोणी आगगाडीने आले, कोणी चालत आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, फडक्यात बांधलेली भाकरी, अशा वेषातील त्या माणसांचा मोर्चा मुंबईच्या रस्त्यांवरून निघाला, तेव्हा शहरातील लोक थांबून पाहू लागले. त्यांच्या शिष्टमंडळाने बाळासाहेब खेर यांची भेट घेऊन आपल्या मागण्या सादर केल्या. खेर हे तेव्हाच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले; परंतु सरकारचा पाठिंबा त्या विधेयकाला मिळाला नाही. विधानसभेत बहुमत सरकारचे होते. बाबासाहेबांच्या पाठीशी पंधरा-सोळा सभासद. विधेयक पुढे सरकेना.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. काही परिस्थितीत कामगारांचा संप बेकायदेशीर ठरवावा, अशी तरतूद त्यात होती. बाबासाहेबांनी तिला कसून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहावयास लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक बहुमताने संमत झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईतील कामगारांनी त्याच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. सभागृहात हरलेला मुद्दा बाहेर लोकांसमोर नेण्याची त्यांची ही रीत महाडपासूनची होती.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. खोतीचे विधेयक तेथेच अडकून पडले. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि मुंबईचे सभागृह त्यांच्यापासून दुरावले.

तरीही मुंबईचे विधिमंडळ त्यांच्या आयुष्यात पुन्हा आले, आणि तेही विलक्षण रीतीने. १९४६ साली घटना समितीची निवडणूक झाली. तिचे सभासद प्रांतांच्या विधानसभा निवडून देत असत. मुंबईच्या सभेत बाबासाहेबांच्या पक्षाचे बळ उरले नव्हते, म्हणून जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साह्याने ते बंगालमधून निवडून आले. पुढच्याच वर्षी फाळणी ठरली, बंगालचे दोन तुकडे झाले आणि त्यांची जागा गेली. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मुंबईच्या खेरांना पत्र लिहून डॉ. आंबेडकरांना लगेच निवडून पाठविण्याची विनंती केली. मुकुंदराव जयकरांनी सोडलेली जागा मोकळी होती. ज्या खेरांच्या मंत्रिमंडळासमोर दहा वर्षांपूर्वी खोतीचे विधेयक अडले होते, त्यांच्याच पक्षाने जुलै १९४७ मध्ये बाबासाहेबांना निवडून दिले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी पुढे काय केले, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

घटनेने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात आले होते. त्यामुळे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिघीच्या लोकांनीही मुंबईच्या विधानसभेसाठी आपला प्रतिनिधी निवडला. ज्या गावांना पूर्वी कोणी विचारीत नव्हते, तेथे आता उमेदवार दारोदार हिंडू लागले.

त्याच निवडणुकीत, जानेवारी १९५२ मध्ये, बाबासाहेब लोकसभेसाठी उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि पराभूत झाले. येथे दोन सभासद निवडावयाचे होते. पण १९३७ प्रमाणे दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याची सोय आता नव्हती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. ज्यांनी सर्वांना मताचा अधिकार मिळावा म्हणून पंचवीस वर्षे वाद केला, त्यांनाच त्या अधिकाराने घरी बसविले, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध रीतसर तक्रार अर्ज केला, परंतु मताच्या अधिकाराविषयी त्यांचे मत बदलले नाही. लवकरच मुंबईच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांनी पुन्हा लोकांचे मत अजमावले. तेथेही अपयश आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सभासद होते.

खोतीचे काय झाले? १९४६ नंतर खेर पुन्हा मुंबईचे मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्याच सरकारने १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा केला आणि १९५० मध्ये तो अमलात आला. कूळ आणि सरकार यांच्यामधला खोत गेला. महार वतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मुंबईच्या सभागृहात प्रथम मांडले त्याला १९५८ साली तीस वर्षे पूर्ण झाली. त्याच साली मुंबईच्या विधिमंडळाने गावकामगारांची ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द केली.